अपडेट होईना

सकाळी ६:३०

आज आमच्या भागात पाण्याचा दिवस आहे. संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळं घर त्याच्यामागं. मोटर चालू करतो आणि टाकी भरेपर्यंत खिडकीपाशी चार्जिंगला लावलेला फोन बघतो. फोन माझा नाही. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी कन्नडहून शहरात येऊन राहिलेल्या एका मुलाचा आहे. माझ्या फोनदुरुस्तीच्या दुकानातलं इंटरनेट दिवसा शेजारी-पाजारीही वापरतात. दीड-दोन जीबीची फाइल ऐंशी टक्क्यांवर येऊन अडकते. रात्री घरी ती निवांत उतरते, म्हणून असे सेट मी कधी कधी घरी आणतो.

स्क्रीनवर 'रीस्टार्ट करा' आलंय. चार्जिंग पूर्ण, तारीख बरोबर, जागा भरपूर. बटण दाबतो आणि पिंपाकडे जातो.

गिऱ्हाईक 'अपडेट होईना' एवढंच सांगतं. कुठं अडकतंय ते विचारून काढावं लागतं. काही फोनला अपडेट दिसतच नाही. काहींना दिसतं, पण उतरत नाही. काहींत उतरतं आणि तपासणीत नापास होतं: फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते, वाटेत फाइल जराशी जरी बिघडली तरी सही जुळत नाही आणि फोन ती टाकून देतो. काहींत तपासणी होते, पण फाइल उलगडायला जागा पुरत नाही. आणि सगळ्यांत चिवट जात ती, जिच्यात सगळं सुरळीत होतं, फोन बंद होऊन चालू होतो, आणि जुनीच आवृत्ती घेऊन उभा राहतो.

या मुलाचा फोन त्या जातीचा. टाकी भरली तोवर स्क्रीनवर 'अपडेट करता आलं नाही' असं येऊन बसलं होतं.

सकाळी १०:३०

पैठण गेटच्या बाजारात सकाळी सगळ्यांत आधी उघडतात ते कव्हर-ग्लासवाले. मग जुने फोन घेणारे-विकणारे. आत बोळात बसणारे आम्ही दुरुस्तीवाले शेवटी, कारण रात्रीही आम्हीच शेवटी उठतो. शटर वर, अगरबत्ती, मग टेबल: हॉट एअर गन, सोल्डरिंग, मायक्रोस्कोप, करंट दाखवणारा पॉवर सप्लाय आणि एक जुनाट पीसी. अपडेटच्या तक्रारीला यातलं बहुतेक काही लागत नाही. पीसी लागतो, केबल लागते आणि गिऱ्हाइकाशी बोलायची सवय लागते.

आसपासच्या बऱ्याच काउंटरवर पाटी असते, 'डेटाची जबाबदारी ग्राहकाची'. मी ती लावलेली नाही. हे काही मोठेपण नव्हे. ती पाटी लावली की हात आपोआप फ्लॅश मारायकडं वळतो. फोनचं सॉफ्टवेअर पुसून नवं टाकायचं, वीस मिनिटांत काम, पैसे घ्या, पुढचा सेट. आजकालच्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो आणि पुसताना त्या कुलपाची किल्लीच जाते. मग जगातला कोणताही कारागीर तो परत आणू शकत नाही. गेलेल्या आईचा शेवटचा व्हिडिओ असलेला सेट एकदा कुणीतरी असाच पुसून दिलेला माझ्या टेबलावर आला होता. त्या माणसाला काय सांगायचं असतं, ते पाटीवर लिहिता येत नाही.

सकाळी ११:१५

"दादा, ॲप म्हणतंय अपडेट करा. करायला गेलं की नुसतं फिरतंय आन् थांबतंय."

ताई गंगापूर तालुक्यातल्या, अंगणवाडी सेविका. बोहनीचं गिऱ्हाईक. पहिला प्रश्न नेहमीचा: कुठं अडकतंय? दुसरा प्रश्न मी अलीकडं आवर्जून विचारतो: अपडेट करायला कुणी सांगितलं? कारण हौसेनं अपडेट करणारी माणसं माझ्याकडं फारशी येतच नाहीत. येतात ती कुणीतरी अडवलेली. बँकेनं, तलाठ्यानं, शाळेच्या ग्रुपनं. ताईंना अडवलं होतं पोषण ट्रॅकरनं.

गरोदर बायका, स्तनदा माता, लहान मुलं यांच्या नोंदी या ॲपवर जातात. २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा ॲपवर जुळवणं सक्तीचं झालंय. चेहरा जुळायचा तर ॲपची नवी आवृत्ती हवी, नवी आवृत्ती उतरायला प्ले स्टोअरला जागा हवी. ताईंच्या ३२ जीबीच्या फोनमध्ये शिल्लक होती जेमतेम एक फोटो मावेल एवढी.

सिस्टीम आणि आतली ॲप्स मिळून निम्मी जागा खातात. उरलेली व्हॉट्सॲपनं खाल्लेली. सुप्रभातची फुलं, ग्रुपवरचे व्हिडिओ, तेच व्हिडिओ तीन-तीनदा. हे काढणं सोपं. अवघड होते ते ताईंचे स्वतःचे फोटो: वजनकाट्यावरची पोरं, रांगेतल्या बायका, आहार वाटपाचा पुरावा म्हणून काढलेले शेकडो. "हे नका काढू दादा, मॅडमनी मागितले तर काय दाखवू?" म्हणजे कामाचा पुरावाच कामाच्या आड आलेला. मी सगळे फोटो महिन्यावार फोल्डर करून पेनड्राइव्हवर घेतले, दोन फोल्डर त्यांना स्वतःला उघडून बघायला लावले, आणि मगच फोनमधून काढले.

आता खरी गंमत. ॲपचं अपडेट आणि फोनचं अपडेट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे फोन विकणारा कुणाला सांगत नाही. ॲपचं झालं, पण फोनचंही वर्षभराचं तुंबलेलं होतं. जुन्या पद्धतीच्या फोनमध्ये अपडेटची फाइल आधी उतरते, मग फोन बंद होऊन रिकव्हरीत जातो आणि तिथं एकेक तुकडा उलगडून जुन्यावर नवा लिहितो. त्यामुळं दीड जीबीच्या अपडेटला दीड जीबी जागा पुरत नाही. माझा हिशेब साधा: फाइल जेवढी, त्याच्या तिप्पट जागा मोकळी करायची आणि वाद घालत बसायचं नाही.

फोनवर पट्टी सरकायला लागली आणि ताई स्टुलावर बसल्या. बोलता बोलता २०२१ चा विषय निघाला. पोषण ट्रॅकर त्या वर्षीच आलं. सेविकांना सरकारनं त्याआधीच फोन दिले होते, २ जीबी रॅमचे. ते गरम व्हायचे, अडकायचे, ॲप मराठीत नव्हतं, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या गळ्यात यायचा. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. प्रकरण पुढं उच्च न्यायालयापर्यंतही गेलं. "आम्ही पिशव्या भरभरून नेले होते," ताई म्हणाल्या. मला त्या आंदोलनाचं आजही कौतुक वाटतं ते एका कारागिराच्या नजरेनं. फोन चालत नाही म्हटलं की आपल्याकडं दोष वापरणाऱ्याचा धरतात: तुम्हाला वापरता येत नाही. या बायकांनी तो फोन टेबलावर ठेवून उलट विचारलं, ह्याच्यावर तुमचं ॲप चालवून दाखवा.

साफसफाईचे शंभर रुपये घेतले. पेनड्राइव्ह त्यांचाच होता.

दुपारी १२:३०

"भाई, अब्बा जेद्दासे लाये थे. सबकू नवा अपडेट आया, मेरेकूच नै आया."

सॅमसंगचा चांगला सेट, बिघाड काहीच नाही. सेटिंगमध्ये आत जाऊन बघितलं, देशाचा कोड केएसए. म्हणजे सौदीचा. भारतातल्या फोनला आयएनएस असतो, दुबईच्या फोनला एक्सएसजी. अपडेट मॉडेलनुसार येतं तसं या कोडनुसारही येतं, आणि एकाच देशातही एका दिवशी सगळ्यांना येत नाही. कंपनी आधी थोड्या फोनांवर सोडते, तक्रार नसली की पुढं. सौदीची पाळी आली की याचंही येईल. मुलाला कोड बदलून हवा होता. मी नको म्हटलं. चालत्या सेटचं सॉफ्टवेअर आठवडाभराच्या घाईपायी उघडायचं नसतं. "हौ, फिर रुकता," म्हणून गेला. पैसे नाहीत, पण पुढच्या वेळी तो स्क्रीन बदलायला इथंच येणार.

दुपारी १:१५

शुक्रवार. जुम्म्यासाठी बोळातली निम्मी शटरं खाली आलीत आणि दिवसभरात हीच एक वेळ अशी असते की टेबलावर डोकं लावता येतं. डबा एका हातानं, कन्नडच्या मुलाचा फोन दुसऱ्या.

त्याचा फोन नव्या पद्धतीचा. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून गूगलनं एक सोय आणली: सिस्टीमच्या दोन जागा, ए आणि बी. फोन ए वर चालू असताना अपडेट मागच्या मागं बी वर बसतं, आणि रीस्टार्टला फोन बी वर जातो. चालू दुकान तसंच ठेवून शेजारच्या गाळ्यात नवं मांडायचं आणि एका रात्रीत पाटी हलवायची, असा प्रकार. बी वरून फोन नीट उठला नाही तर दोन-चार प्रयत्नांनंतर तो आपण होऊन ए वर परत येतो. फोन मरत नाही, हा मोठा फायदा. तोटा एवढाच, की गिऱ्हाइकाला काही घडलंय हेच कळत नाही. त्याला दिसतो तोच जुना फोन, तीच जुनी आवृत्ती. अँड्रॉइड ११ पासून दुसरी जागा पूर्ण राखून ठेवत नाहीत, लागेल तेवढी डेटाच्या जागेतून उसनी घेतात, म्हणून तिथंही मोकळ्या जागेचा प्रश्न परत आलाच.

पण या फोनमध्ये जागा होती. फाइल रात्री पूर्ण उतरली होती. फोन रूट केलेला नव्हता. रूट केलेल्या, म्हणजे सिस्टीमला आतून हात लावलेल्या फोनचं अपडेट हमखास नापास होतं, कारण आधी जुने तुकडे मूळ होते तसेच आहेत का ते तपासलं जातं. मग उरलं काय?

एक जुनी परीक्षा आहे. मुलाच्या परवानगीनं ती करून बघितली. गॅलरीतला एक निरुपयोगी स्क्रीनशॉट काढून टाकला, फोन बंद केला, चालू केला. स्क्रीनशॉट जागेवर हजर. घड्याळाचा अलार्म बदलला, पुन्हा बंद-चालू. अलार्म जुन्या वेळेवर.

रोग सापडला. सॉफ्टवेअरचा तो नव्हताच. फोनमध्ये साठवणीची जी चिप असते, ईएमएमसी म्हणतात तिला, तिच्यातल्या प्रत्येक कप्प्यावर ठरावीक वेळाच लिहिता येतं. कप्पे झिजत जातात, राखीव कप्पे संपतात, आणि एक दिवस चिप स्वतःला कुलूप लावून घेते: वाचा, पण लिहू देणार नाही. फोन चालतो, फोटो दिसतात, फोन येतात-जातात. फक्त बंद करून चालू केला की त्या दिवसानंतरचं सगळं पुसलेलं. असा फोन रिसेट मारला तरी रिसेट होत नाही, जुना डेटा घेऊनच परत येतो. ईएमएमसी ५.० पासून चिप आपलं उरलेलं आयुष्य स्वतःच नोंदवते. चिप वाचायचं यंत्र, आम्ही त्याला बॉक्स म्हणतो, ते लावून ती नोंद वाचता येते. वाचली. आयुष्य संपलेलं होतं.

ही तक्रार घेऊन तो आधी दुसरीकडं गेला असता तर त्याला 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणाले असते, आणि सॉफ्टवेअर मारता मारता उरलीसुरली चिपही गेली असती. म्हणून आधी केबल. जे वाचता येतंय ते सगळं पीसीवर. नोट्सचे पीडीएफ, टेस्ट सिरीजचे स्क्रीनशॉट, राज्यसेवेच्या जुन्या प्रश्नपत्रिका, गावाकडच्या म्हशीचे फोटो. कॉपी लावली आणि डबा संपवला.

दुपारी २:४५

फुलंब्रीकडचे एक बाबा, सोबत नातू. यंदा पाऊस फार झालाय आणि मकेत पाणी आहे. ई-पीक पाहणीची मुदत जवळ आली, ॲप काही केल्या बसेना. नोंद नसली तर नुकसानीच्या वेळी सातबाऱ्यावर पीकच दिसायचं नाही.

ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली १५ ऑगस्ट २०२१ ला. कल्पना चांगली: तलाठ्यानं चावडीत बसून पेरा लिहिण्याऐवजी शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून फोटोसकट नोंदवायचा. पण हंगाम आला की ॲपची नवी आवृत्ती येते, आणि नवी आवृत्ती जुन्या अँड्रॉइडवर बसत नाही. बाबांच्या फोनला कंपनीनं अपडेट देणं कधीच बंद केलेलं. सेटिंगमध्ये 'तुमचा फोन अद्ययावत आहे' असं लिहून येतं. मला या वाक्याचा राग येतो. कंपनीनं हात वर केलेत आणि फोन सांगतोय, सगळं ठीक आहे.

इथं दुरुस्त करायला काही नव्हतं. नातवाला विचारलं, तुझा फोन कोणता? त्यानं खिशातून काढला, नवा होता. ई-पीक पाहणीत एका फोनवरून अनेक खातेदारांच्या नोंदी करता येतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नातवाच्या फोनवर ॲप बसवून दिलं आणि लोकेशन चालू ठेवायला, फोटो शेतातच उभं राहून काढायला बजावलं. राहिलंच तर गावासाठी नेमलेल्या सहायकाकडून नोंद होते, तेही सांगितलं.

"मंग ह्या फोनचं काय करू?" बाबांनी विचारलं.

"बोला त्याच्यावर," मी म्हटलं. "बोलायला चांगला आहे."

दुपारी ४:००

लाइट गेली. चहा आला आणि चहाबरोबर सिडकोतले एक निवृत्त मास्तर आले. यांची केस उलटी. अपडेट येऊन चार महिने झालेत आणि सर ते होऊ देत नाहीत. रोज सूचना येते, रोज ते 'नंतर' दाबतात. आता बँकेच्या ॲपनं दार लावून घेतलंय.

"जावयाच्या फोनला अपडेट केलं आणि स्क्रीनवर हिरवी रेघ आली. सरळ, उभी. अठरा हजारांचा फोन."

सरांची भीती खोटी नाही. ॲमोलेड स्क्रीनवर अपडेटनंतर रेघ आल्याच्या तक्रारी भारतात इतक्या झाल्या, की एका कंपनीला अशा रेघेसाठी आजीवन वॉरंटी जाहीर करावी लागली. माझं मत असं, की स्क्रीन किंवा तिची पट्टी आधीच कमजोर असते, अपडेटच्या वेळी फोन बराच वेळ तापतो आणि ती दगा देते. अपडेट नसतं तर ती उन्हाळ्यात गेली असती. पण जावयाला हे कसं पटावं? सॉफ्टवेअरनंच घोळ केल्याचीही उदाहरणं आहेत. २०२० च्या अखेरीस शाओमीच्या मी ए३ साठी अँड्रॉइड ११ आलं आणि ते टाकल्यावर अनेकांचे फोन चालूच होईनात. कंपनीला ते थांबवावं लागलं.

तरी मी अपडेटच्या बाजूचा. सरांना २०१५ ची स्टेजफ्राइटची गोष्ट सांगितली. नुसता एक व्हिडिओ मेसेज पाठवून समोरच्याचा अँड्रॉइड फोन ताब्यात घेता येईल अशी फट सापडली होती. त्यानंतर गूगलनं दर महिन्याला सुरक्षेची ठिगळं द्यायला सुरुवात केली, आणि आज सर ज्याला 'नंतर' म्हणतात ते बहुतेक वेळा तेच ठिगळ असतं. बँका अडवतात त्यालाही कारण आहे. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनला गूगलच्या तपासणीत सर्वांत वरचा शेरा मिळवायचा तर वर्षाच्या आतलं ठिगळ लागतं. कोणत्या ॲपनं किती कडक राहायचं ते ते ॲप ठरवतं.

सर शिक्षक, त्यांना कारण सांगितलं की पटतं. कागदावर क्रम लिहून मागितला, तो लिहून दिला: आधी फोटो दुसरीकडं. चार्जिंग ऐंशीच्या वर, पण अपडेट चालू असताना चार्जरवर ठेवून तापवायचा नाही. कव्हर काढायचं. पंख्याखाली. पट्टी थांबल्यासारखी वाटली तरी बटण दाबायचं नाही.

"दाबलं तर?"

"तर माझ्याकडं यावं लागेल, सर."

संध्याकाळी ५:१५

लाइट आली. इंजिनिअरिंगची मुलगी, आयफोन, 'अपडेट इन्स्टॉल करता येत नाही'. जागा नाही, काढायची तयारीही नाही. आयफोनला सोपी वाट आहे: पीसीला जोडायचा, फाइल पीसीवर उतरते, फोनला कमी जागा पुरते. तिथं दोन बटणं येतात, अपडेट आणि रीस्टोर. दुसरं दाबलं की सगळं साफ. पहिलं दाबलं. झालं.

संध्याकाळी ६ ते ८

ऑफिसं सुटली, वाळूजच्या कंपन्यांच्या बस परतल्या आणि बोळात पाय ठेवायला जागा नाही. या वेळात कुणाचं ऐकून घ्यायला वेळ नसतो, पण प्रश्न बहुतेक साधे असतात. एकानं नवी बॅटरी टाकून घेतलेली आणि फोनची तारीख १ जानेवारी १९७०. कंपनीच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र त्या तारखेला वैध ठरतच नाही, म्हणून जोडणीच होत नाही. तारीख लावली, अपडेट सुरू. एकाचा फोन फक्त वाय-फायवर उतरवायला बांधलेला आणि घरी वाय-फाय नाही. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट लावून दिला. एकाची बॅटरी फुगलेली, टक्के चाळीसवरून बारावर उडी मारतात. फोन अपडेटला नकार देतोय आणि बरोबर देतोय. एकानं ऑक्टोबर २०२२ ची आठवण काढली, फाइव्ह-जी सुरू झालं, फोनही फाइव्ह-जीचा, पण कंपनीचं अपडेट येईपर्यंत रेंजच दिसेना. तेव्हा रोज पंधरा-वीस जण 'फाइव्ह-जी चालू करून द्या' म्हणत यायचे, आणि माझ्याकडं देण्यासारखं एकच औषध होतं: थांबा.

सातच्या सुमाराला एक नवरा-बायको आले, दोघांचे चेहरे उतरलेले. व्हॉट्सॲपवर गाडीच्या दंडाची म्हणून एक फाइल आली होती. उघडल्यावर 'ॲप अपडेट करा' असा चौकोन आला, त्यांनी केलं. तेव्हापासून फोनचे मेसेज दिसेनात. हे अपडेट नव्हतं, चोर होता. शेवटी एपीके लिहिलेली अशी फाइल सगळे मेसेज वाचायची परवानगी मागते, एकदा दिली की ओटीपी परस्पर पुढं जातात. रांगेतल्या बाकीच्यांना थांबवलं. फोन फ्लाइट मोडवर, सिम बाहेर, माझ्या फोनवरून आधी बँकेला, मग १९३० ला. फाइल काढणं, सेट पुसणं हे त्यानंतर. यात एक गोष्ट मला बोचते: महिनोन्महिने सगळे लोकांना 'अपडेट करा, अपडेट करा' म्हणत राहतात, एखाद्यानं कुठल्याही चौकोनावर डोळे झाकून 'करा' दाबलं, तर त्याला अडाणी कसं म्हणायचं?

रात्री ८:१५

कन्नडचा मुलगा अभ्यासिकेतून आला. त्याला स्क्रीनशॉटचा प्रयोग पुन्हा करून दाखवला. काढला, बंद, चालू, हजर. तो हसला, मग गप्प झाला.

"चिप बदलता येते?"

येते. जुनी उचलायची, नवी बसवायची, सॉफ्टवेअर टाकायचं. पण या सेटच्या आजच्या किमतीत ते परवडत नाही, आणि मला पैसे मिळत असले तरी मी तसं सांगत नाही. त्याचा सगळा डेटा हार्ड डिस्कवर घेऊन ठेवला होता, तो त्याच्या मित्राच्या लॅपटॉपवर चढवून दिला. सेकंडहँड सेट घ्यायचं ठरलं, आणि मग आमचा आवडता वाद सुरू झाला. तो विचारत होता रॅम किती, कॅमेरा कसा. मी म्हणत होतो, सेटिंग उघड आणि शेवटचं सुरक्षा ठिगळ कोणत्या महिन्याचं आहे ते आधी बघ. पैठण गेटला फोन घेणारा प्रत्येक जण फोन उन्हात धरून ओरखडे मोजतो, ती तारीख कुणी उघडत नाही. पिक्सेल ८ ला गूगलनं आणि एस२४ ला सॅमसंगनं सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला, पण ते महाग. आपल्या खिशातल्या फोनांना बहुतेक वेळा दोन-तीन वर्षं मिळतात, आणि ती मोजली जातात फोन बाजारात आल्यापासून, आपण विकत घेतल्यापासून नाही. युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे, मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायची. आपल्याकडं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. तिथं दुरुस्तीची माहिती मिळते. पण बाबांच्या फोनला तिसऱ्या वर्षी टाकून का दिलं, हे विचारायची खिडकी तिथं नाही.

शेवटी त्यानं एक साधा सेट उचलला. कॅमेरा बरा नाही, तारीख गेल्या महिन्याची. नोट्स उघडून बघितल्या, एक पान पुढं-मागं केलं आणि निघाला. सोमवारी टेस्ट होती.

रात्री ९:४५

पीसी बंद करायच्या आत सरांचा मेसेज. पाठोपाठ स्क्रीनशॉट. अपडेट झालं, रेघ नाही, पंख्याखाली पस्तीस मिनिटं लागली. त्याखाली: "बँकेचे ॲप उघडले. आता ते म्हणते, ॲप अपडेट करा. करू का?"

"करा सर," मी लिहिलं. "प्ले स्टोअरमध्ये जाऊनच करा. कुणी लिंक पाठवली तर तिच्यावरून नको."